सील स्वस्त, मजुरी महाग : ऑटोमॅटिक गाड्यांचे काम हाती घेण्यापूर्वी

ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या एकेकाळी मोजक्या श्रीमंतांकडेच दिसत. 2014 साली मारुतीने सेलेरिओ ही गाडी एएमटी गिअरसह बाजारात आणली आणि ही सोय मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोचली. त्या काळातील गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली असून त्या आता आपल्या वस्तीतील गॅरेजच्या दारात उभ्या राहू लागल्या आहेत. आपले काही कारागीर बांधव "हे काम कंपनीचे" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतात, तर काही जण नेहमीचा गिअरबॉक्स समजून सरळ पाना लावतात. पहिल्याचा धंदा जातो. दुसऱ्याचे एखादे काम बिघडले तर कित्येक महिन्यांची कमाई भरपाईत जाते आणि नावही खराब होते. आमच्या मते या कामासाठी महागड्या यंत्रांपेक्षा एक सवय अधिक गरजेची आहे. ती म्हणजे काहीही उघडण्यापूर्वी बिघाडाचे कारण शोधणे.

थेंब एक, वाटा अनेक

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल गळते, ही नेहमीची तक्रार. असे दिसताच क्रँकचे मागचे सील गेले असे ठरवून गिअरबॉक्स उतरवला जातो. परंतु टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असेल, तर त्याचे तेलही इंजिनच्या पाठीवरून ओघळत त्याच जागी येते. म्हणून इंजिन प्रथम स्वच्छ धुवावे, गाडी थोडी चालवावी आणि ओल वरून खाली शोधत यावे.

ऑटोमॅटिक गाडीत त्याच सांध्यात आणखी एक सील असते. ते गिअरबॉक्सच्या पंपाचे, टॉर्क कन्व्हर्टरच्या गळ्यावर बसणारे सील होय. गिअरचे तेल पुष्कळदा लाल असते, पण जुने झाल्यावर तेही तपकिरी पडते. म्हणून केवळ रंगावर न जाता दोन्ही तेलांची पातळी तपासावी. ज्याची पातळी उतरली, तेच गळते आहे.

सील खरोखर गेले असेल, तर ते का गेले हे पाहावे. इंजिनचा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला की आतील दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. व्हॉल्व्ह साफ न करता नवे सील बसवले, तर गाडी पुन्हा दारात येते आणि दुसऱ्या वेळची मजुरी कोणी देत नाही.

सील बसवताना

गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. स्टँड लावूनच जावे. जुने सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नये, कारण तो ओरखडाच पुढे गळतीची वाट होतो. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवावी. जागा असल्यास सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवूनही भागते.

सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. साध्या रबरी सीलच्या ओठाला तेलाचा हात लावावा. पांढऱ्या किंवा तपकिरी पीटीएफई ओठाचे सील मात्र बहुधा कोरडेच बसवायचे असते आणि त्यानंतर इंजिन चालू करण्यापूर्वी काही तास थांबावे लागते. पाकिटावरील सूचना वाचूनच हात लावावा. सील ठोकताना हातोडीचा घाव एका कडेवर न देता योग्य मापाच्या गोल नळीने चहूबाजूंनी सारखा दाब द्यावा.

गिअरबॉक्स परत जोडताना

साध्या गाडीतील सवय येथे घात करते. टॉर्क कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. कन्व्हर्टर हळूहळू फिरवत आत ढकलावा. खाचांत बसताना तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो, हे हाताला समजते. गिअरबॉक्सची कड इंजिनला हाताने टेकली पाहिजे. बोल्टने ओढून आणावी लागत असेल, तर तेथेच थांबावे. गिअरबॉक्स खाली आहेच, तेव्हा पंपाचे सीलही त्याच वेळी बदलावे.

गिअरचे तेल

"ऑटोमॅटिक" हा शब्द एक असला, तरी त्याखाली वेगवेगळी यंत्रे येतात. एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच व गिअर यंत्र चालवते. त्याला गिअर ऑइलच लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला एटीएफ लागते, पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीला तिचे स्वतंत्र तेल, तर दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल आणखी वेगळे. एकाचे तेल दुसऱ्यात घातले, तर क्लच घसरतात किंवा पट्टा खराब होतो. डब्यावर "सर्व गाड्यांसाठी" असे छापलेले असले, तरी गाडीच्या पुस्तिकेतील तेलाचा क्रमांक जुळल्याखेरीज ते घालू नये.

काही पुस्तिकांत हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे लिहिलेले असते. परंतु झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या गिअरबॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी तेल बदलण्यास सांगते.

तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा नट उघडतो का, हे पाहावे. तो अडकला आणि तेल मात्र निघून गेले, तर गाडी जागीच अडकते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत चेंबरचा नट उघडल्यावर सर्व तेल निघत नाही. बराच भाग कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून निघालेले तेल मोजावे आणि तेवढेच भरावे. नंतर कंपनीने सांगितलेल्या तापमानाला पातळी पाहावी. काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून. तेल जास्त झाले तर फेस होतो आणि दाब पडतो. चेंबरमधील चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे कण किंवा तुकडे दिसले, तर तेल बदलून तो गिअरबॉक्स सुधारणार नाही, असे गिऱ्हाइकाला तेथेच स्पष्ट सांगावे.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चालणारी चाके जमिनीवर ठेवून ओढून आणू नये. गिअरबॉक्सचा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना आतील भाग तेलाविना फिरून जळतात.

हिशेबाची वही

प्रत्येक गाडीची एक नोंद ठेवावी. किलोमीटर, तेलाचा क्रमांक, किती निघाले, किती भरले आणि काढलेले सील कसे दिसत होते, एवढे पुरे. जुने सील गिऱ्हाइकाला दाखवावे. वाद झाल्यास हीच नोंद आपली साक्ष ठरते आणि दुसऱ्या खेपेस तेच मॉडेल आले की हीच आपली शिकवणी होते. जुने तेल नाल्यात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे.

आखाती देशांत ऑटोमॅटिक गाड्यांवर काम करून परतलेले कारागीर कोकणापासून मुंबईपर्यंत आपल्यात आहेत. तरुणांनी त्यांच्या हाताखाली काही दिवस काढावेत. सीलची किंमत थोडी असते. गिऱ्हाईक पैसे देतो ते योग्य निदानाचे. ते निदान ज्याला जमेल, त्याच्या दारातून ही नवी गाडी परत जाणार नाही.