पैसे गिऱ्हाइकाचे, कुलूप कंपनीचे!

कापडाच्या बाजारात एक जुना दस्तूर आहे. ताग्यातून कापड फाडून दिले आणि पैसे गल्ल्यात पडले की त्या कापडावरचा दुकानदाराचा हक्क संपला. गिऱ्हाईक त्याचा सदरा शिवो की उशीचा अभ्रा, विचारणारे आपण कोण? गाण्यांच्या व्यापारात मात्र बड्या कंपन्यांनी हा दस्तूर मोडून पाहिला आणि तो सौदा त्यांनाच महागात पडला. व्यापारी बांधवांनी ती हकिकत जरूर जाणून घ्यावी.

कंपन्यांची तक्रार खोटी नव्हती. कापडाची नक्कल घरबसल्या होत नाही, गाण्याची होते. संगणक घरोघर आले तशा एका सीडीच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि विक्री घसरली. त्यावर कंपन्यांनी उपाय काढला तो सीडीलाच कुलूप लावण्याचा. परंतु हे कुलूप किती कच्चे होते पाहा. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन याने दाखवून दिले की, सीडी घालताना संगणकाचे शिफ्ट बटण दाबून धरले की 'मीडियामॅक्स' नावाचे कुलूप निकामी होते!

म्हणजे चोराला अडचण काहीच नव्हती. अडचण झाली ती रोख पैसे मोजणाऱ्याला. अशा सीडीवरील गाणी ॲपलच्या आयपॉडवर सरळ मार्गाने चढत नसत. कलावंतही वैतागले. २००५ मध्ये 'स्विचफूट' या अमेरिकन बँडचा अल्बम कुलूपबंद निघाला, तेव्हा बँडमधील टिम फोरमन याने नाराजी व्यक्त करून कुलूप चुकविण्याची रीत स्वतःच चाहत्यांना लिहून कळविली. ज्याचा माल, त्यालाच कुलूप नको होते!

खरा स्फोट पुढेच झाला. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी जाहीर केले की, सोनी बीएमजी कंपनीची सीडी लावल्याने त्यांच्या संगणकात 'एक्ससीपी' नावाची आज्ञावली शिरली असून ती स्वतःला दडवून बसते. सीडीच्या तीनपेक्षा जास्त प्रती निघू नयेत, हे तिचे काम. ती काढून टाकण्याची सोय दिलेली नव्हती. जबरीने काढली तर संगणकाची सीडी लावण्याची सोयच बंद पडे. त्याहून वाईट म्हणजे तिच्या आडोशाला व्हायरसही लपू लागले.

यावर कंपनीचे एक बडे अधिकारी थॉमस हेस रेडिओवर म्हणाले की, बहुतेकांना ही भानगड म्हणजे काय तेच ठाऊक नाही, मग त्यांनी फिकीर का करावी? गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर धंदा करू पाहणाऱ्याचे पुढे काय होते, ते नोव्हेंबर २००५ मध्येच दिसले. ५२ अल्बमच्या सुमारे ४७ लाख सीडी बाजारात गेल्या होत्या आणि त्यांपैकी २१ लाखांच्या आसपास विकल्याही गेल्या होत्या. कंपनीला तो माल परत घ्यावा लागला. नील डायमंड यांचा 'ट्वेल्व्ह साँग्ज' हा अल्बम तर त्याच महिन्यात बाजारात आला होता. त्याच्याही सीडी मागे घ्याव्या लागल्या. गुन्हा कलावंताचा नव्हता, नुकसान त्याचेही झाले. टेक्सास राज्याने खटला भरला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड होऊन, संगणक बिघडलेल्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने कबूल केले.

त्यानंतर बाजाराची हवा पालटली. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांनाही अशीच कुलुपे असत. एप्रिल २००७ मध्ये ईएमआय कंपनीने ती काढण्याचे ठरविले, जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजीही त्याच वाटेने गेली आणि २००९ मध्ये ॲपलच्या दुकानातील गाणी कुलुपाविना विकली जाऊ लागली. आज महिन्याचे पैसे भरून गाणी ऐकण्याची पद्धत आहे. तेथे कुलूप आजही आहे. पण तो भाड्याचा व्यवहार आहे. वर्गणी थांबली की गाणीही थांबणार, हे उघड असते.

भाड्याने देणे गैर नाही. विक्रीचे पैसे घेऊन माल भाड्याचा देणे गैर आहे, आणि मालातला ऐब दडविणे त्याहून गैर. चोराला धरण्याचे इतर मार्ग आहेत. दुकानाची पायरी चढून दाम मोजणाऱ्यावर पाळत ठेवली, तर उद्या तो ती पायरी चढणार नाही.