कंडेन्सरमधली अवघड वाट
कराडला कृष्णाकाठच्या सिंगल फेज मोटरींना जो कंडेन्सर लागतो, त्यात पॉलिप्रोपिलीनची फिल्म गुंडाळलेली असते. समजा जाडी 7 मायक्रॉन. तिच्यावर 440 व्होल्ट पडले, तर ताण होतो मीटरला सुमारे 6 कोटी व्होल्ट! एवढ्या ताणाखाली, रोधक असूनही, तिच्यातून थोडा विद्युतभार सरकतोच. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे वाहतात. इथे ते रेणूसाखळ्यांमधल्या दोषांत, जणू सापळ्यांत, अडकतात. उष्णतेने धक्का दिला, की पुढच्या सापळ्यात उडी. ताणही त्या उडीला मदत करतो. म्हणून उन्हाळ्यात ही गळती वाढते, आणि कंडेन्सर सावलीत बसवाच, असे मी आग्रहाने सांगतो. फिल्म एखाद्या बिंदूत फुटलीच, तर ठिणगीने तिच्यावर चढवलेला भोवतालचा धातूचा पातळ थर उडून जातो आणि तेवढी जागा आपोआप अलग पडते. दरवेळी धारकता मात्र किंचित घटते.