बोटांच्या इशाऱ्यावरचे जेट

रायपूरची पंडरी ओळखली जाते ती कापडबाजारासाठी. साड्यांचे गठ्ठे, हातगाड्या आणि विजेच्या तारांची जाळी यांनी गजबजलेल्या अशा वस्तीत एखाद्या हौशी तरुणाच्या खोलीत मीटरभर लांबीचे चंदेरी जेट विमान टांगलेले असावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि या छंदातील तीनचतुर्थांश काम खोलीतच होते. आकाशातील वेळ एका खेपेस जेमतेम चार-पाच मिनिटांची.

तारेवाचून दूरच्या यंत्रास हुकूम देण्याची युक्ती जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे रेडिओलहरींनी चालणारी नाव लोकांना दाखविली होती. छोट्या विमानांत खरेखुरे जेट यंत्र बसविणे मात्र फार पुढे, १९८० नंतरच्या दशकात साधले. जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या घरी जे यंत्र घडविले, त्याचे हवा दाबणारे चाक चक्क प्लायवूडचे होते! रॉकेलसारख्या इंधनावर चालणारी ही यंत्रे आजही महागच असल्यामुळे सामान्य हौशी माणूस विजेच्या पंख्यावर समाधान मानतो. विमानाच्या पोटातील नळीत पुष्कळ पात्यांचा लहानसा पंखा बसविलेला असतो. बॅटरीवरील मोटर तो गरगरा फिरविते आणि मागे फेकल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावर विमान पुढे सरकते.

साध्या पंख्याच्या विमानात आणि या जेटमध्ये एक भेद आहे आणि नवशिक्याची विमाने बहुधा त्यापायीच मोडतात. नाकावर पंखा असलेल्या विमानात त्याचा झोत पंखांवरून व शेपटीवरून वाहतो. वेग मंदावला तरी पंखा वाढविताच शेपटीला जाग येते. जेटचा झोत नळीतून थेट मागे जातो, शेपटीच्या पट्ट्यांना त्याचा काही लाभ नाही. शिवाय दांडी पुढे लोटली तरी पंख्यास पुरती गती घेण्यास क्षणभर लागतोच. म्हणून उतरताना वेग राखून यावे लागते. जमीन जवळ आल्यावर ‘हळू झाले, आता जोर लावू’ असे म्हणण्यास सवड नसते.

दुसरी अडचण डोळ्यांची. विमान दूर जाताना उजवीकडची दांडी उजवीकडेच वळविते. समोरून येऊ लागले की डावे-उजवे उलटते. जाणकार यासाठी एक सोपा संकेत पाळतात : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख झुकेल, त्याच बाजूला दांडी न्यावी.

आपल्या आवडीप्रमाणे विमान सजविण्याचा मोह येथेच तपासावा लागतो. हवाई दलाचा करडा रंग विमान दिसू नये म्हणून असतो, आणि छोट्या विमानाला तर दिसण्याचीच गरज! खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल करणाऱ्याने निदान पोटाकडील बाजू गडद पट्ट्यांनी रंगवावी, म्हणजे विमान सुलटे आहे की पालथे हे कळते. पंखा बदलून बारा पात्यांचा बसविला की आवाज खऱ्या जेटच्या जवळ जातो. परंतु विजेचा ओढा वाढल्यास वेगनियंत्रक व बॅटरी त्यास पुरतात की नाही, हे मोजून पाहिलेच पाहिजे. थोर बॅटरी घातली, चाके बदलली, की गुरुत्वमध्य हलतो. तो पुढे सरकला तर विमान जड वागते, मागे सरकला तर आवरेनासे होते. पंखाखाली दोन बोटे टेकवून तोल पाहण्यास एक मिनिट पुरते. ते वाचविणारा महिनाभराची मेहनत घालवितो.

रायपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळाच. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवरील या शहरी पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे हवा हिवाळी सकाळच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. तेवढ्याच उचलीसाठी सुमारे पाच टक्के अधिक वेग लागतो, आणि पंख्याचा जोर मात्र कमी पडतो. मे महिन्यातील उड्डाण म्हणूनच सूर्योदयाच्या सुमारास करावे.

आता जागेचा प्रश्न. पंडरीच्या छपरांवरून हे विमान उडविणे म्हणजे ताशी शंभर किलोमीटर वेगाची वस्तू गर्दीच्या डोक्यावर धरणे होय. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात विनापरवानगी उंचीची मर्यादा ६० मीटर आहे. त्याहून जवळ परवानगीच हवी. माना येथील विमानतळापासून पंडरीचे हवाई अंतर दहा-बारा किलोमीटरांच्या घरातले. मैदान शोधण्यास निघालेला तरुण शहराच्या आग्नेयेस गेला तर बंधने कडक होत जातात. तेव्हा प्रथम सरकारी नकाशा पाहून दुसरी दिशा धरणे बरे. मैदानावर पोचल्यावर पहिले काम उड्डाणाचे नव्हे. सोबत्याने विमान घट्ट धरावे, पंखा मंद फिरवावा आणि हातातील प्रक्षेपक बंद करावा. पंखा आपोआप थांबला नाही, तर त्या दिवशी विमान तसेच घरी न्यावे.