एका डब्याची बदनामी

घरात मराठी आणि दारात हिंदी अशा दोन भाषांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना शब्दांच्या स्वभावाचा थोडा अधिक अनुभव असतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. मराठीतली ‘चेष्टा’ ही थट्टा, तर हिंदीत तीच प्रयत्न होऊन बसते. गाव बदलले की शब्दाचे दैव बदलते. परंतु अवघ्या साठ वर्षांत एखादा शब्द भुकेल्यांच्या पानावरून उठून कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडावा, हे विरळाच. ‘स्पॅम’ हा तो शब्द होय.

आज तो आपल्या घरांतून चांगलाच रुळला आहे. नको असलेली ई-मेल आली की नातवंडे ‘आजोबा, ते स्पॅम आहे, उघडू नका’ असे बजावतात. परंतु हे मूळचे एका डबाबंद मांसाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शाकाहारी वाचकांनी दचकू नये. आम्हांला येथे पाककृती सांगावयाची नसून एका नावाची कर्मकथा सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचे गाव आहे. तेथील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली हा पदार्थ बाजारात आणला. डुकराच्या खांद्याच्या मांसाला तेव्हा फारशी मागणी नसे. त्यात हॅम, मीठ, साखर वगैरे मिसळून ते मिश्रण डब्यात भरावयाचे, डबा हवाबंद करावयाचा आणि मग डब्यातच शिजवावयाचे, अशी ही युक्ती होती. बर्फाच्या कपाटावाचून टिकणारे आणि गरिबाला परवडणारे असे हे अन्न झाले. नावासाठी स्पर्धा ठेवण्यात आली. कंपनीच्या एका उपाध्यक्षाचे बंधू नट होते. त्यांनी ‘स्पॅम’ हे नाव सुचविले आणि शंभर डॉलरांचे बक्षीस मिळविले.

दुसरे महायुद्ध पेटले आणि या डब्याचे भाग्य उजळले. उष्ण वा थंड कोणत्याही रणभूमीवर न नासणारे अन्न सैन्याला हवे होते. कोट्यवधी पौंड डबाबंद मांस समुद्रापार रवाना झाले. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी पुढे आपल्या आठवणींत, स्पॅम नसते तर आम्हांला आमच्या सैन्याचे पोट भरता आले नसते, अशा अर्थाची कबुली दिली आहे. अन्नाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

परंतु अति तेथे माती. सकाळ-संध्याकाळ तेच ताटात पडू लागल्यावर अमेरिकन सैनिक वैतागले. वस्तुतः त्यांच्या वाट्याला येणारे सारेच मांस हॉर्मेलचे नव्हते. पण आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्याची रीत पडली, तसे तेथे प्रत्येक डब्याला ‘स्पॅम’ हेच नाव पडले. योगायोग असा की डालडाही १९३७ सालीच आपल्या बाजारात आला. चिडलेल्या सैनिकांनी कंपनीचे प्रमुख जे हॉर्मेल यांना शिव्यांची पत्रे धाडली आणि त्यांनी ती एका स्वतंत्र फायलीत जपून ठेवली. नकोशा टपालाचा पहिला कप्पा स्पॅमच्या मालकाच्याच दप्तरात होता, असे गमतीने म्हणता येईल!

इंग्लंडमध्ये १९४० साली अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले, ते १९५४ च्या जुलैपर्यंत टिकले. ताजे मांस दुर्मिळ असता या डब्यानेच कित्येक कुटुंबांना हात दिला. तथापि टंचाईत आधार देणारा पदार्थ सुकाळात टंचाईचीच आठवण करून देतो आणि म्हणून थट्टेचा विषय होतो. डिसेंबर १९७० मध्ये बी.बी.सी.वरील ‘मॉन्टी पायथन’ मंडळींनी एक प्रहसन सादर केले. उपाहारगृहातील वाढपीण पदार्थांची यादी सांगते, तो प्रत्येकात स्पॅम! गिऱ्हाईक बाई ‘स्पॅम नको’ म्हणून विनवीत राहते. तेवढ्यात शेजारी बसलेले व्हायकिंग योद्धे त्याच शब्दाचा असा घोष आरंभतात की कोणाचेच बोलणे कोणास ऐकू येईना.

हा घोषच आमच्या कथेचा कळीचा धागा होय. १९७८ च्या मे महिन्यात संगणक बनविणाऱ्या एका कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात एकदमच पाठविली. अशा टपालाचे हे आद्य उदाहरण. पण त्याला तेव्हा ‘स्पॅम’ कोणी म्हटले नाही. पुढे संगणकावरील खेळांत आणि गप्पांत एकच मजकूर पुनःपुन्हा ओतून इतरांचे बोलणे बुडविणारे महाभाग निपजले. प्रहसन पाहिलेल्या तरुणांना व्हायकिंगांचा घोष आठवला आणि त्या उपद्रवाला नाव मिळाले. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दाम्पत्याने ‘ग्रीन कार्ड’विषयीची आपली जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली, तेव्हा जो गदारोळ उठला त्याने हे नाव पक्के केले. २००३ सालच्या अमेरिकन कायद्याच्या नावातही ते जाऊन बसले.

कंपनीने बरीच कुरकुर केली आणि अखेर एवढीच विनंती केली की, टपालासाठी हा शब्द लहान अक्षरांत लिहावा, मोठी अक्षरे आमच्या डब्यासाठी राखावीत. आमच्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत; सबब मराठीत या बिचाऱ्या डब्याला तेवढाही न्याय मिळावयाचा नाही! मात्र जगात सर्वत्र त्याची अप्रतिष्ठा झालेली नाही. हवाई बेटांत भातावर त्याची चकती ठेवून आवडीने खातात, आणि दक्षिण कोरियात सणाच्या दिवसांत त्याचे डबे शोभिवंत पेटीत घालून आप्तांना भेट देतात. युद्धातील भूक ज्यांच्या स्मरणात राहिली, त्यांनी उपकारही स्मरणात ठेवला.

विचार करता असे दिसते की, बदनामी झाली ती मांसाच्या चवीमुळे नव्हे, तर पुनरुक्तीमुळे. उपयुक्त गोष्टही न विचारता, न थांबता समोर आदळू लागली की ती उपद्रव ठरते. रोज सकाळी शंभर जणांना तेच सुविचार धाडणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे ध्यानी घेतले तर बरे! आणि या गलबल्यात खरी हानी होते ती खऱ्या शब्दाची. परगावी असलेल्या मुलाचे पत्र, एखाद्या भाचीच्या लग्नाचे आमंत्रण कधी कधी याच ‘स्पॅम’च्या कप्प्यात जाऊन पडते आणि तेथेच विरून जाते. म्हणून अनोळखी दुवा उघडू नये हे खरेच. पण आठवड्यातून एकदा त्या कप्प्यावर नजर अवश्य टाकावी. कचऱ्याच्या नावाखाली काय काय फेकले जाते, हे त्या डब्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?