सोपी रीत, अवघड सिद्धता

एखादे काम तडीस नेण्यासाठी क्रमाने करावयाच्या, कुठेही संदिग्धता न ठेवणाऱ्या पायऱ्यांच्या रीतीला संगणकशास्त्रात अल्गोरिदम म्हणतात. आणि त्या रीतीला वेळ किती लागेल, तिचे उत्तर सर्वोत्तम उत्तराच्या किती जवळ जाईल, हे गणिताने आधीच ठरवणे म्हणजे तिचे विश्लेषण. या दोन्ही कामांत साधेपणाचे मोल मोठे आहे हे सहसा कोणी नाकारत नाही, परंतु ते मोल कशात आहे याविषयी काही गैरसमज पक्के रुजलेले दिसतात. ते तपासण्यासाठी मुंबईतील साकीनाक्याच्या आसपासच पुरेसे साहित्य आहे. साकीनाक्याहून साकीविहार रस्ता ज्या पवईच्या दिशेने जातो, तेथील आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेतलेल्या नरेंद्र करमरकर यांच्या नावाशी दोन रीती जोडलेल्या आहेत, आणि साधेपणाविषयीचे बहुतेक प्रश्न त्या दोन रीतींच्या इतिहासात आपोआप उभे राहतात.

गैरसमज : सोपी रीत म्हणजे कामचलाऊ रीत.

साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील गाळ्यांतून तयार माल टेम्पोने बाहेर पडतो, आणि तेथे रोज पडणारा एक प्रश्न गणिताच्या दृष्टीने फार खोल आहे. समजा पाच नग पाठवायचे आहेत, त्यांची वजने ९०, ७०, ६०, ५० आणि ५० किलो आहेत, टेम्पो दोन आहेत आणि दोन्हींवरचा भार शक्य तितका सारखा हवा आहे. हाच विभाजनाचा प्रश्न होय. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ कठीण प्रश्नांची यादी मांडली तिच्यात तो आहे. कठीण याचा अर्थ असा, की दर वेळी सर्वोत्तम उत्तर देणारी आणि तरीही जलद अशी रीत त्यांपैकी एकासाठीही कोणाला सापडलेली नाही. सगळ्या शक्यता तपासून पाहाव्यात तर ४० नगांसाठीच त्या सुमारे ५५ हजार कोटी होतात आणि पुढे एकेका नगागणिक दुप्पट होत जातात, त्यामुळे वेगवान यंत्र विकत घेऊन हा प्रश्न मिटत नाही.

कोणत्याही हमालाला सहज सुचणारी रीत अशी, की जड नग आधी घ्यावा आणि प्रत्येक नग त्या घडीला हलका असलेल्या टेम्पोत चढवावा. वरच्या उदाहरणात ९० एका टेम्पोत जातो, ७० आणि ६० दुसऱ्यात, मग एक ५० पहिल्यात आणि शेवटचा ५० दुसऱ्यात. भार १४० आणि १८० होतो, म्हणजे फरक ४० किलोंचा पडतो. करमरकर आणि कार्प यांनी १९८२ मध्ये मांडलेली रीत याहून फारशी अवघड नाही. हाताशी असलेल्या संख्यांतील सर्वांत मोठ्या दोन घ्यायच्या, त्या खोडून त्यांच्या जागी त्यांची वजाबाकी लिहायची, आणि एकच संख्या उरेपर्यंत हेच करत राहायचे. ९० आणि ७० यांच्या जागी २० येतात, ६० आणि ५० यांच्या जागी १०, मग ५० आणि २० यांच्या जागी ३०, आणि शेवटी ३० आणि १० यांच्या जागी २०. उरलेले २० हाच दोन टेम्पोंमधील फरक असतो. पायऱ्या उलट क्रमाने उलगडल्या की कोणता नग कुठे जातो हेही कळते, आणि भार १७० व १५० निघतो.

या रीतीचे मर्म वजाबाकीत आहे. ९० आणि ७० यांच्या जागी २० लिहिताना एवढेच ठरते, की हे दोन नग वेगवेगळ्या टेम्पोंत जाणार. कोणता कोठे जाणार हा निर्णय मोकळाच राहतो, आणि पुढच्या पायऱ्यांना त्या मोकळेपणाचा उपयोग करून घेता येतो. पहिली रीत प्रत्येक नग चढवताना निर्णय कायमचा करून टाकते, तर दुसरी आवश्यक तेवढाच निर्णय घेते. अर्थात दुसरीही सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही, कारण ९० व ७० एकीकडे आणि उरलेले तिन्ही दुसरीकडे ठेवले तर दोन्ही टेम्पोंत बरोबर १६० किलो बसतात, आणि ते उत्तर तिला सापडले नाही. परंतु वजने शून्य ते एक यांच्या दरम्यान यदृच्छया निवडलेल्या अपूर्णांकांत असतील आणि नग पुष्कळ असतील, तर चित्र पार बदलते. नगांची संख्या दुप्पट झाली की पहिल्या रीतीतील सरासरी फरक साधारण निम्मा होतो, तर वजाबाकीच्या रीतीतील फरक त्या संख्येच्या वर्गाने, घनाने किंवा कोणत्याही ठरावीक घाताने भागल्यावर होईल त्याहूनही वेगाने घटत जातो. चार वाक्यांत सांगता येणाऱ्या रीतीला कामचलाऊ म्हणणे येथे मुळीच टिकत नाही.

गैरसमज : जी रीत करायला सोपी, ती सिद्ध करायलाही सोपी.

वर सांगितलेला निष्कर्ष १९८२ मध्ये सिद्ध झालेला नव्हता, ही या विषयातील सर्वांत शिकवणारी गोष्ट आहे. वजाबाकीची साधी रीत करमरकर आणि कार्प यांनी सुचवली, परंतु सिद्धता दिली ती तिच्याच एका मुद्दाम गुंतागुंतीच्या केलेल्या रूपाची. याचे कारण असे, की प्रत्येक वजाबाकीनंतर उरलेल्या संख्यांची ठेवण बदलते, पुढची पायरी मागच्या सगळ्या पायऱ्यांवर अवलंबून राहते आणि संभाव्यतेचे नेहमीचे हिशेब लावता येत नाहीत. गुंतागुंतीच्या रूपात यदृच्छता जपण्याची तजवीज केलेली असल्याने ते लावता येतात. म्हणजे तेथे रीत बोजड झाली ती तिच्या उपयोगासाठी नव्हे, तर सिद्धता सुकर व्हावी म्हणून. साध्या रूपाची सिद्धता बेंजामिन याकिर यांनी १९९६ मध्ये दिली, म्हणजे तिला १४ वर्षे लागली.

मधल्या काळात, १९८७ मध्ये, जॉर्ज ल्यूकर यांनी आणखी एका रूपाचा निकाल लावला होता. त्या रूपात संख्या उतरत्या क्रमाने लावून पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा सगळ्या जोड्यांची वजाबाकी एकदम केली जाते आणि मग पुन्हा क्रम लावला जातो. दिसायला ही रीत मूळ रीतीची जुळी बहीण वाटते, आणि वरच्या पाच नगांवर दोन्हींचे उत्तरही २० हेच येते. तरीही मोठ्या संख्येच्या बाबतीत ती हमालाच्या रीतीहून सरस ठरत नाही, असे ल्यूकर यांनी दाखवले. दोन सारख्याच साध्या रीतींमध्ये एवढे अंतर असू शकते, आणि ते केवळ डोळ्यांनी पाहून कळत नाही; म्हणून साध्या रीतीला सिद्धतेची गरज कमी नसून उलट अधिक असते.

चार-पाच ओळींत चूक कुठली राहणार, हा समजही याच जातीचा आहे. क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधले स्थान पाहून अर्धी यादी बाद करणे, ही शोधाची सर्वांत परिचित रीत होय. जावा भाषेच्या लायब्ररीत ती लिहिताना मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागले होते, आणि यादी फार मोठी झाली की ती बेरीज त्या प्रकारच्या संख्येची मर्यादा, म्हणजे २१४७४८३६४७, ओलांडत असे. ही चूक कित्येक वर्षे दडून राहिली आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली.

गैरसमज : ज्या रीतीची हमी पक्की, तीच व्यवहारात चांगली.

रेषीय नियोजन, म्हणजे लिनियर प्रोग्रॅमिंग, या शाखेत मर्यादित साधनसामग्रीतून सर्वाधिक नफा किंवा सर्वांत कमी खर्च कसा साधेल हे समीकरणांनी काढले जाते. सगळ्या मर्यादा एकत्र मांडल्या की अनेक पैलूंच्या हिऱ्यासारखी एक आकृती तयार होते आणि उत्तर तिच्या कोणत्या तरी कोपऱ्यावर सापडते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिंप्लेक्स रीत कडेकडेने एका कोपऱ्यावरून अधिक चांगल्या कोपऱ्यावर जाते, याहून तिच्यात गूढ काही नाही. क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये एक वाकवलेला घन रचून असे दाखवले, की त्यावर या रीतीला एकूण एक कोपरे पालथे घालावे लागतात. लिओनिद खाचियान यांनी १९७९ मध्ये दुसऱ्या रीतीला वेगाची पक्की हमी मिळवून दिली, तरी ती प्रत्यक्षात इतकी मंद निघाली, की कारखान्यांतले आणि विमान कंपन्यांचे हिशेब सिंप्लेक्सवरच चालू राहिले.

करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना हमी आणि प्रत्यक्ष वेग ही दोन्ही एकत्र आणली. त्यांची रीत कडांवरून न चालता आकृतीच्या पोटातून वाट काढते, आणि भिंतीजवळ पोचून पावले आखूड होऊ नयेत म्हणून दर पावलाला सगळी आकृती अशी बदलून घेते, की आपले स्थान पुन्हा मध्यावर यावे. पुढच्या एक-दोन वर्षांत हे बदलणे सोपे करून घेणारी रीत अनेकांनी मांडली, आणि मग ध्यानात आले की रशियातील दिकिन यांनी ती १९६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. ही सोपी आवृत्ती चालते उत्तम, पण करमरकरांच्या रीतीला असलेली हमी तिच्यासाठी कोणी सिद्ध केलेली नाही. सिंप्लेक्स व्यवहारात इतकी चांगली का चालते याचे समाधानकारक स्पष्टीकरणही २००१ मध्ये स्पीलमन आणि तेंग यांच्याकडून आले. आकडे किंचित यदृच्छया हलवले की क्ली-मिंटी यांच्या घनासारखी वाईट उदाहरणे टिकत नाहीत, असे त्यांनी दाखवले. रीत जुनीच राहिली आणि तिच्यासाठी विश्लेषणाची कल्पना नवी घडवावी लागली.

गैरसमज : एक चांगली साधी रीत सापडली की दुसरीची गरज नाही.

करमरकर-कार्प यांच्या वजाबाकीला सगळी वजने आधी कळावी लागतात. गाळ्यावर मात्र नग जसजसे तयार होतात तसतसे टेम्पोत चढतात आणि पुढचा केवढा येईल हे ठाऊक नसते, त्यामुळे तेथे हलक्या टेम्पोत पुढचा नग चढवण्याची रीतच उरते. तिलाही हमी आहे, आणि ती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये दिली : जड टेम्पोवरचा भार सर्वोत्तम मांडणीतील जड टेम्पोच्या दीडपटीहून कधीही जास्त होत नाही. कारण जड टेम्पोतील शेवटचा नग ज्या वेळी चढला त्या वेळी तो टेम्पो हलका होता, म्हणजे त्याच्यावर तो नग सोडून उरलेल्या एकूण भाराच्या निम्म्याहून जास्त भार नव्हता. म्हणून त्याचा शेवटचा भार एकूण भाराचे निम्मे अधिक त्या नगाचे निम्मे, एवढ्याच्या आतच राहतो, आणि एकूण भाराचे निम्मे असो वा एका नगाचे पूर्ण वजन असो, सर्वोत्तम मांडणीतही जड टेम्पोला त्याहून कमी भार येणे शक्य नसते. ५०, ५० आणि १०० किलोंचे तीन नग याच क्रमाने आले तर एका टेम्पोत १५० आणि दुसऱ्यात ५० होतात, तर १०० चा नग आधी आला असता दोन्हींत शंभर-शंभर बसले असते.