टेल्युरियम आधीं कीं आयोडीन?

श्रोतेहो, शाळेच्या भिंतीवर टांगलेला आवर्तसारणीचा तक्ता आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. आज त्यांत 118 मूलद्रव्यें आहेत. त्याच्या अठरा उभ्या रकान्यांस ‘गण’ म्हणतात. एखादें मूलद्रव्य कोणत्या गणांतलें, हें ओळखावयाचें कसें, एवढाच आजचा विषय.

मास्तरकी करीत असतां मी ठामपणें सांगत असें कीं, अणुभार चढते लावीत जा, गण आपोआप जुळतात. एके दिवशीं एक मुलगी उठून तक्त्याजवळ गेली व म्हणाली, “गुरुजी, टेल्युरियमचा भार 127.6 आणि आयोडिनाचा 126.9, मग जड तें आधीं कसें?” मला उत्तर आलें नाहीं. “छपाईची चूक असेल,” असें म्हणून मीं वेळ मारून नेली.

रशियांत मेंडेलेव्हनें 1869 सालीं सारणी रचली, तेव्हां त्यालाहि हीच अडचण पडली होती. त्यानें भार बाजूला ठेवून स्वभाव पाहिला. आयोडीन हें क्लोरीन-ब्रोमिनांप्रमाणें सोडियमशीं संयोग पावून मिठासारखा क्षार देतें. टेल्युरियम गंधकाच्या कुळांतलें. म्हणून त्यानें टेल्युरियम आधीं बसविलें, आणि त्याचा भारच चुकीचा मोजला गेला असावा असा तर्क केला. स्थान बरोबर, तर्क मात्र चूक! उलगडा 1913 मध्यें मोस्ली या इंग्रज तरुणाच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांनीं झाला. क्रम भाराचा नव्हे, अणुअंकाचा; टेल्युरियम 52, आयोडीन 53. हा मोस्ली 1915 सालीं गॅलिपोलीच्या रणांगणावर, वयाच्या अवघ्या 27 व्या वर्षीं, मारला गेला.

आतां पाटी घ्या. अणुअंक जितका, तितके अणूंत इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचांत 2, दुसऱ्यांत 8, उरले ते तिसऱ्यांत. सोडियमचा अंक 11, म्हणजे 2, 8, 1. बाहेर एक, म्हणून गण पहिला. क्लोरिनाचा 17, म्हणजे 2, 8, 7. बाहेर तीन ते आठ असल्यास त्यांत दहा मिळवावे. क्लोरीन सतराव्या गणांतलें. आयोडिनाच्याहि बाहेर सातच, टेल्युरियमच्या सहा. मधल्या रकान्यांतील लोखंड-तांब्यास ही रीत लावूं नये. तेथें आंतलें कवचहि भरत असतें. हेलियमच्या बाहेर दोनच, परंतु कवच पूर्ण भरलेलें, म्हणून तो अठराव्या गणांत. हायड्रोजन पहिल्या गणांत बसतो खरा, पण धातु नव्हे. त्यास मी त्या घरचा भाडेकरू म्हणतों.

ती मुलगी हें भाषण ऐकत असेल तर तिला एवढेंच कळवावयाचें आहे कीं, तक्त्याची छपाई बरोबर होती.