स्वस्त वाइनचे राखीव कुरण

पुण्यात ‘वाइन शॉप’ अशी पाटी चौकाचौकात दिसते. आत बहुतेक फळ्या व्हिस्की, रम आणि बिअरने भरलेल्या असतात आणि खरी वाइन एखाद्या कोपऱ्यातल्या फळीवर उभी असते. त्या फळीवरही सर्वांत खालच्या किमतीला गोड पोर्ट मिळते आणि त्याच्या वर गेले की किंमत एकदम उडी घेते. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या कारखान्यांमुळे जर्मन, कोरियन, फ्रेंच अशी कितीतरी कुटुंबे दोन-चार वर्षांसाठी पुण्यात राहायला येतात. त्यांच्यातल्या अनेकांना जेवणासोबत रोज एखादा पेला साधी, कोरडी, बिनसाखरेची वाइन घ्यायची सवय असते. त्यांच्या देशात ती तीन लिटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, नळ लावलेली, किराणामालाबरोबर विकत मिळते. पुण्यात असे खोके शोधून सापडत नाही. त्याच्या जागी रोजची म्हणून बाटली घ्यावी, तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. परदेशी नोकरदाराची ही अडचण फार मोठी नाही, आणि तिच्यासाठी कुणी सरकारी धोरण बदलावे असेही नाही. पण तिच्या मागे गेले की नारायणगाव, दिंडोरी आणि पलूसच्या द्राक्षबागांपर्यंत पोचता येते. तिथला प्रश्न मात्र मोठा आहे.

आधी त्या खोक्याकडे नीट पाहू. अमेरिकेत विल्यम शोले यांनी १९५५ च्या सुमारास पुठ्ठ्यात प्लास्टिकची पिशवी बसवण्याची युक्ती काढली ती बॅटरीतल्या आम्लाच्या वाहतुकीसाठी. दक्षिण ऑस्ट्रेलियातले वाइन उत्पादक थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये ती वाइनसाठी वापरली आणि पेटंट घेतले. सुरुवातीला नळ नव्हता. पिशवीचा कोपरा कापायचा, ओतायचे आणि चिमटा लावून ठेवायचा. नळ पुढे आला आणि त्याने खेळच बदलला. बाटली उघडली की रिकाम्या जागेत हवा शिरते आणि दोन-तीन दिवसांत वाइन आंबट व्हायला लागते. खोक्यात वाइन कमी होईल तशी चंदेरी पिशवी आत आकसत जाते आणि हवेला जागाच उरत नाही. म्हणून उघडलेले खोके चार-सहा आठवडे टिकते. ७५० मिलिलिटरची रिकामी काचेची बाटली चारशे-पाचशे ग्रॅम भरते. म्हणजे तीन लिटर वाइनसाठी दीड-दोन किलो काच वाहून न्यायची. तेवढ्याच वाइनच्या पिशवी-पुठ्ठ्याचे वजन यापुढे अगदी किरकोळ असते. फूट नाही, बूच नाही, गाडीत जागा कमी. स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांत वाइन सरकारी दुकानांतूनच विकली जाते आणि तिथे खपणाऱ्या वाइनपैकी निम्म्याच्या आसपास वाइन खोक्यातली असते. तेव्हा खोके म्हणजे हलका माल, ही समजूत काढून टाकायला हवी.

खोक्यातली वाइन कुठे स्वस्त आणि कुठे महाग, हे मात्र द्राक्षावर किंवा पुठ्ठ्यावर ठरत नाही. ते कर कशावर मोजला जातो, त्यावर ठरते. ऑस्ट्रेलियात २००० पासून वाइनवर घाऊक किमतीच्या २९ टक्के कर आहे. किंमत कमी तर कर कमी, म्हणून तिथे खोक्यातली वाइन हा दारूचा सर्वांत स्वस्त प्रकार होऊन बसला. सिंगापूरमध्ये कर शुद्ध मद्यार्काच्या लिटरवर आहे, लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर. साडेबारा टक्के मद्यार्काच्या तीन लिटरच्या खोक्यावर हा कर ३३ डॉलर होतो. आतली वाइन पाच डॉलरची असो की पन्नासची, त्यात फरक पडत नाही. त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला खोके घेऊन बाटलीच्या मानाने फारशी बचत दिसत नाही. दुबईने दारूवरचा ३० टक्के कर जानेवारी २०२३ मध्ये थांबवला आणि १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा लावला. तीच वाइन, तेच दुकान, आणि एका तारखेत किंमत वर. परदेशात राहणाऱ्यांची ‘वाइन महागली’ ही तक्रार जगभर सारखी ऐकू येते, आणि बहुतेक वेळा तिचे कारण कराच्या कोष्टकात सापडते.

भारताचे कोष्टक याहून कठीण आहे. आयात वाइनवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क बसते, आणि त्यावर राज्याचे कर वेगळे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात वाइनला सवलत दिली गेली, पण तिला एक उंबरठा घातला. ७५० मिलिलिटरची बाटली आयातीच्या वेळी किमान ५ अमेरिकी डॉलरची असेल तर शुल्क आधी १०० टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येणार. १५ डॉलरच्या वरची असेल तर ७५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत उतरणार. पाच डॉलरच्या खालच्या वाइनला काहीच सवलत नाही. खोक्यातली साधी वाइन बाटलीच्या मापात मोजली तर बहुधा या उंबरठ्याच्या खालीच पडते. म्हणजे श्रीमंताची वाइन दरवर्षी थोडी स्वस्त होत जाणार आणि रोजच्या जेवणाची वाइन होती तिथेच राहणार. यामागचा हेतू उघड आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही. परदेशातला अतिरिक्त स्वस्त माल येऊन नाशिक-सांगलीचा शेतकरी बुडू नये, म्हणून बाजाराचा हा खालचा भाग देशी उत्पादकांसाठी राखून ठेवला आहे. प्रश्न पुढचा आहे. जे कुरण इतक्या काळजीने राखले, त्यात चरायला कुणी उतरलेच नाही.

महाराष्ट्राने तर या उद्योगाला आणखी आधार दिला. १९८० च्या दशकात नारायणगावला श्याम चौगुले यांनी इंडेजचा कारखाना उभा केला आणि तिथली फेसाळ वाइन युरोपातही विकली गेली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केले आणि विंचूर व पलूसला वाइन पार्क आखून दिले. अलीकडे लागू झालेले शुल्क लिटरमागे १० रुपये, म्हणजे नाममात्र आहे. विक्रीवर २० टक्के व्हॅट असला तरी त्यातले १६ टक्के उत्पादकाला परत मिळण्याची योजना आहे, आणि मधल्या खंडानंतर जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा मंजूर केली. इतकी सवलत देऊनही साध्या वाइनची किंमत उतरली नाही. परतावा उत्पादकाच्या हिशेबात जमा होतो, बाटलीवर छापलेल्या किमतीत तो कुठेच दिसत नाही. वर १५० टक्के शुल्काची छत्री आहेच. आयात बाटली दोन हजारांची असेल तर देशी बाटली हजाराला विकताना कुणाला संकोच वाटत नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या देशी कंपन्यांनी आपले सगळे लक्ष वरच्या किमतीच्या वाइनकडे वळवले आहे आणि भागधारकांना त्या तेच अभिमानाने सांगतात. कंपनी म्हणून त्यांचा हिशेब बरोबरही असेल. पण सवलत कंपनीच्या नफ्यासाठी दिली नव्हती. द्राक्षाला उठाव मिळावा म्हणून दिली होती.

द्राक्षाचा उठाव लिटरवर चालतो. बाटली चारशेची असो की दोन हजारांची, तिच्यात किलो-सव्वा किलोच द्राक्ष जाते. आणि वाइनच्या द्राक्षाचा शेतकरी फार अडकलेला असतो. शिराझ किंवा कॅबर्नेचा घड हातात घेतला तर मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉम्पसनसारखा तो बाजारात खायला विकता येत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. वायनरीने उचलला नाही तर त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८ च्या मंदीनंतर नेमके हे घडले. हॉटेलांचा खप पडला, टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली, शेतकऱ्यांचे पैसे थकले आणि नाशिक भागात अनेकांनी उभ्या वेली उपटल्या. नारायणगावचा मोठा उद्योगही त्या काळात कोसळला तो पुन्हा उभा राहिला नाही. वाइन तयार होती, टाक्या भरलेल्या होत्या, पण महाग बाटलीशिवाय ती विकायची वाटच कुणी तयार केली नव्हती. ऑस्ट्रेलियात अतिरिक्त पीक खोक्यात गेले. आपल्याकडे तसे खोकेच नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की, राज्याच्या सवलतीचा निदान काही भाग या साध्या, मोठ्या मापातल्या वाइनशी बांधावा. जो उत्पादक रोजची कोरडी वाइन खोक्यात भरून ठरावीक किमतीच्या आत विकेल, त्यालाच त्या भागाचा परतावा मिळावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो दारू स्वस्त करण्याचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आलाच नाही. ज्या राज्यात गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकाने बंद पाडली, तिथे स्वस्त दारूची भीती अनुभवातून आलेली आहे. शेतकऱ्याचे भले होते म्हणून वाइन ही दारू नव्हे, असे जे तेव्हा सांगितले गेले, ते खोटे होते. वाइन दारूच आहे. रोजचा पेला हृदयाला चांगला, हेही आता म्हणता येत नाही. मद्याचे कुठलेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे मोजून पाहायला हवे. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, बिअर आणि वाइन त्यातून वगळली आणि किमान किमती ठरवून दिल्या. १८० मिलिलिटरला देशी दारू ८० रुपये, साधी विदेशी दारू २०५ रुपये. त्या विदेशी दारूच्या १८० मिलिलिटरमध्ये ४२.८ टक्क्यांनी ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण २ रुपये ६६ पैसे. तीन लिटर वाइनमध्ये साडेबारा टक्क्यांनी ३७५ मिलिलिटर मद्यार्क. व्हिस्कीच्या किमान दराने त्याचे सुमारे १,००० रुपये होतात. खोके १,५०० रुपयांना विकले, तर बाटलीच्या मापात ती वाइन ३७५ रुपयांना पडते आणि तरीही नशेच्या हिशेबाने ती सर्वांत स्वस्त व्हिस्कीच्या दीडपट महाग राहते. ज्याला स्वस्तात नशाच हवी आहे, तो ८० रुपयांची देशी सोडून या खोक्याकडे वळणार नाही. उलट भीती खरीच वाटत असेल तर मद्यार्काच्या मिलिलिटरवर एकच किमान दर सगळ्या दारूला लावावा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने २०१८ मध्ये तसा दर लावला. त्याचा मोठा फटका खोक्यातल्या वाइनला बसला आणि तिचा खप घसरल्याचे अभ्यासात दिसले, कारण तिथे सर्वांत स्वस्त दारू तीच होती. आपल्याकडे त्याच मोजपट्टीने फटका कुणाला बसेल, ते वरच्या आकड्यांतून दिसतेच.

खोक्याचा म्हणून एक वेगळा दोष मात्र मान्य करायला हवा. बाटलीत किती उरली ते दिसते, खोक्यात दिसत नाही, आणि नळ फिरवताना हात थांबत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे व्हिस्कीचे टेट्रापॅक आले तेव्हा फळांच्या रसासारखी दिसणारी ही वेष्टने मुलांच्या हाती सहज जातील, अशी काळजी न्यायमूर्तींनी बोलून दाखवली. ती काळजी इथेही लागू आहे. म्हणून छोटी, खिशात मावणारी खोकी नकोत, चित्रविचित्र रंग नकोत, पातळी दिसेल अशी खिडकी पुठ्ठ्याला असावी आणि आत किती पेले आहेत ते मराठीत ठळक छापलेले असावे. विक्री परवानाधारक दुकानातच, एकवीस वर्षांवरील ग्राहकालाच. किराणा दुकानाचा हट्ट धरायची काही गरज नाही.

शेवटचा आक्षेप वाइन जाणणाऱ्यांचा आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. पिशवीचे प्लास्टिक काचेइतके हवाबंद नसते, आणि उष्णता वाढली की त्यातून हवा जास्त शिरते. न उघडलेले खोकेही नऊ महिने ते वर्षभरच टिकते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि गोदामे तापतात, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेले खोके महिनाभरातही बिघडू शकेल. युरोपहून समुद्रमार्गे खोकी आणणे म्हणूनही परवडत नाही. पण बागा शे-दोनशे किलोमीटरवर असतील तर वेळापत्रक आपल्या हातात राहते. पांढऱ्या शेनिन ब्लांकची तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि साधी वाइन मे-जूनपर्यंत पोलादी टाकीत तयार असते. उन्हाळाभर ती थंड टाकीतच ठेवायची. पाऊस सुरू झाला की मागणीपुरती खोकी भरायची, भरल्याची तारीख पुठ्ठ्यावर छापायची, आणि पुढची तोडणी संपेपर्यंत, होळीच्या आत, ती विकून मोकळे व्हायचे.